कमला सोहोनी: बटाट्यात सापडलेला करोडो वर्षं जुना 'कोड'

वसई-विरारकडे नीरा प्यायली असेलच. त्या नीरेवर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या कमला सोहोनी. पण त्यांची गोष्ट सुरू होते नीरेच्या बऱ्याच आधी.

अर्ज रिजेक्ट!

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथले संचालक, नोबेल विजेते सी. व्ही. रामन यांनी तो फेटाळला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

कमलाबाई हटल्या नाहीत, थेट सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर प्रोबेशनवर. वर त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशी अटही होती. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पण दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवरचं त्यांचं काम बघून रामन यांनी पुढे इतर मुलींनाही प्रवेश दिला.

बटाट्यात काय होतं?

मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्यासोबत बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचं दाखवलं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध फक्त ४० पानांचा!

सायटोक्रोम सी करतं काय? पेशीतल्या श्वसनात एका टप्प्यावरून इलेक्ट्रॉन उचलतं आणि पुढच्या टप्प्याला देतं. याच साखळीतून पेशीला ऊर्जा मिळते. माणसात हे प्रथिन १०४ अमिनो आम्लांची माळ आहे. तिची घडी पडून एक छोटा, स्वतंत्र भाग तयार होतो. अशा भागाला म्हणतात डोमेन.

आता कोडिंगवाल्यांनी इकडे लक्ष द्या. दोन फाइल्सची तुलना करतो, तशी ही माळ वेगवेगळ्या प्राण्यांत ताडून बघितली तर? माणूस आणि चिंपांझी: फरक ०. ऱ्हीसस माकड: १. घोडा: १२. नातं जितकं लांबचं, तितके फरक जास्त. १९६७ मध्ये फिच आणि मार्गोलियाश यांनी अशाच फरकांवरून सजीवांची वंशावळ मांडली.

पण काही जागा जवळपास बदलतच नाहीत. लोह असलेला हीम नावाचा रेणू जिथे पकडला जातो, तिथली अमिनो आम्लं बटाट्यातही तीच आणि आपल्यातही तीच. तिथे बिघाड झाला तर इलेक्ट्रॉनची ने-आण अडते, म्हणून तसे बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाहीत. चालू सर्व्हरवरच्या कोडला आपण हात लावत नाही, तसंच काहीसं.

परत भारतात

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर १९४७ पासून मुंबई. इथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी नीरा उपयोगी ठरते, असं त्यातून दिसलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी त्याच संस्थेचं संचालकपद मिळायला मात्र उशीरच झाला.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी वडापाव खाताना आठवा: त्या बटाट्याचं आणि आपलं जुनं नातं आहे. ते उलगडण्यात एका मराठी मुलीचा हात होता, आणि तिला प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवणार होते.