पुण्याची बाग, भूमध्य किनारा आणि आगाखान

आमच्या हडपसरच्या शाळेची सहल बऱ्याचदा आगाखान पॅलेसला जाते. मुंढव्यावरून नदी ओलांडून नगर रस्त्याला लागलं की जवळच. गांधीजींना इथे कैदेत ठेवलं होतं, हे मुलांना पाठ असतं. मागच्या सहलीत मात्र सातवीतल्या एका मुलीने विचारलं की हे आगाखान कोण. आम्ही शिक्षकच एकमेकांकडे बघू लागलो. म्हणून हा लेख.

सर सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान, यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1877 रोजी कराचीत झाला. बालपण मुंबई, पुणे आणि महाबळेश्वरात गेलं. 1885 मध्ये वालिदांचा पुण्यातच इंतेकाल झाला आणि अवघ्या सातव्या वर्षी ते इस्माईली जमातीचे इमाम झाले. वालिदांच्या मागे त्यांच्या वालिदांनी, म्हणजे आईने, त्यांचं शिक्षण आणि जमातीचा कारभार दोन्ही सांभाळलं. पॅलेसच्या बांधकामाचं साल 1892 सांगितलं जातं. दुष्काळात आसपासच्या गरिबांना काम मिळावं म्हणून ते काढलं, अशी त्याची हकिकत आहे. इमारतीभोवती मोठी बाग राखली. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा लोक लस घ्यायला घाबरत होते. या तरुण इमामाने हाफकिन यांची लस लोकांसमोर टोचून घेतली आणि त्यांच्या प्रयोगशाळेला जागाही दिली.

1898 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते पहिल्यांदा युरोपला गेले आणि फ्रान्सचा दक्षिण किनारा त्यांना कायमचा आवडला. नीस, कान, आंतिब ही तिथली गावं. मागे आल्प्सचे डोंगर उत्तरेचं गार वारं अडवतात, पुढे निळा भूमध्य समुद्र. आपल्या उलट तिथला उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीच्या दिवसांत. म्हणूनच ऑलिव्ह, लिंबू, संत्री तिथे चांगली येतात, आणि ऐन हिवाळ्यात मिमोझाची पिवळी फुलं डवरतात. जवळच्या ग्रास गावात फुलांपासून अत्तर बनतं. त्या काळी युरोपचे राजे-महाराजे थंडीत याच बागांमध्ये फिरायला येत. पुढे आगाखानांनीही आंतिबच्या भूशिरावर आणि कानजवळच्या ल कानेत घरं केली. ल कानेतला याकिमूर हा त्यांचा बंगला बेगम उम्म हबीबा यांच्या नावाशी जोडलेला आहे.

ऐषआरामात राहणारा माणूस, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली. 1906 च्या सिमला शिष्टमंडळाचे ते नेते होते. मुस्लिमांसाठी वेगळ्या मतदारसंघाच्या त्या मागणीवर आजही वाद होतात. पण अलीगढच्या कॉलेजचं विद्यापीठ व्हावं म्हणून हाच माणूस शहरोशहरी फिरून चंदा गोळा करत होता. 1946 मध्ये मुंबईत त्यांची हिऱ्यांनी तुला झाली. त्या उत्सवातून पुढे पार हुंझा-गिलगिटच्या डोंगरात शाळा उघडल्या. मुलींच्या शिक्षणाबाबत तर त्यांचं म्हणणं पक्कं होतं. एकाच लेकराला शिकवण्याची ऐपत असेल तर मुलीला शिकवा, असं ते आपल्या माणसांना सांगत.

पुण्याच्या बागेच्या नशिबी वेगळंच होतं. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारने गांधीजींना इथे आणलं. महादेवभाई देसाई 15 ऑगस्ट 1942 ला आणि कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या याच आवारात आहेत. 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली.

तिसऱ्या आगाखानांचा इंतेकाल 11 जुलै 1957 रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. इतक्या बागा असूनही दफनासाठी त्यांनी निवडली इजिप्तमधल्या अस्वानची उघडी, रेताड टेकडी. खाली नाईल वाहते, वर गवताची काडी नाही. तिथे कबरीवर रोज एक लाल गुलाब ठेवायचा, हा रिवाज बेगमने पाळला. 2000 साली त्या गेल्या आणि त्याच मकबऱ्यात दफन झाल्या.

भूमध्य किनाऱ्यावरची त्यांची बाग आपल्यातल्या कितीजणांना बघायला मिळणार? नगर रस्त्यावरची मात्र साधं तिकीट काढून कुणालाही बघता येते. त्यांचा दुसरा वारसा तर त्याहून जवळ आहे. दहावी झाली की मुलीला घरी बसवायचं की कॉलेजला घालायचं, यावर आपल्या मोहल्ल्यात आजही खल चालतो. दरवर्षी निकालानंतर अशा दोन-चार घरी आम्ही जातो. चहा होतो, बोलणं होतं. कधी पालक मानतात, कधी नाही मानत.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आणखी तीन वर्षांनी दहावी होईल. तिच्या घरी बोलायला जाण्याची वेळच आमच्यावर येऊ नये, एवढी दुआ करा.