एक फुटबॉल-शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

शाळेच्या पटांगणावर सामना रंगात आला असता बचाव करणाऱ्या एखाद्या गड्याच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच गोलात शिरला, म्हणजे जो हशा पिकतो तो आमच्या विद्यार्थीवाचकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. पालकांपैकी ज्यांनी लहानपणी हा खेळ खेळला असेल त्यांसही तो आठवत असेल. त्या हशात त्या मुलाची मुद्रा कशी होते, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्तमानपत्रांत या प्रकारास स्वयंगोल म्हणतात. प्रस्तुत लेखात ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही सांगणार आहोत, त्यांच्या आयुष्यातील एका अत्यंत महत्त्वाच्या सामन्यातही असा एक स्वयंगोल झाला. तो कोणत्या परिस्थितीत झाला आणि त्याचा दोष कितपत कोणाकडे जातो, हे नीट कळावे म्हणूनच हे चरित्र लिहावेसे आम्हांस वाटले.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला परभणी जिल्हाही निजामाच्या राज्यात मोडत असे. मनमाडहून निघून परभणी, पूर्णा, नांदेड करीत जाणारा लोहमार्ग आजही काचीगुड्यास पोहोचतो, आणि त्याच काचीगुड्याच्या शाळेत रहीम यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तेथे ते फुटबॉल खेळत. पुढे निरनिराळ्या शाळांतून अध्यापन करीत असता खेळ शिकविण्याकडे त्यांचे मन अधिकाधिक वळत गेले. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. लोक त्यांस रहीमसाहेब म्हणत. पण त्यांची सारी पद्धत पाहता रहीम मास्तर हेच नाव त्यांस अधिक शोभले असते, असे आम्हांस वाटते.

कारण मुलांना काय येत नाही हे आधी पाहावे आणि मग तेच त्यांच्याकडून करवून घ्यावे, हा खऱ्या शिक्षकाचा गुण त्यांच्या ठायी पुरेपूर होता. आपल्याकडील पुष्कळ खेळाडूंना एकच पाय चालतो. चेंडू दुसऱ्या पायाकडे आला की त्यांची धांदल उडते. रहीम यांनी काय केले, तर खेळाडूंनी आपल्या कमजोर पायानेच खेळावे अशा स्पर्धा भरविल्या. दुसरी खोड म्हणजे चेंडू एकट्यानेच पायाशी घोळवीत नेण्याची. त्यावर इलाज म्हणून असे घोळविण्यास मनाई असलेले सामने त्यांनी ठेविले. साहजिकच चेंडू मिळताच तो सोबत्याकडे द्यावा, जमिनीलगत द्यावा, आणि आपण मोकळ्या जागी धाव घ्यावी, ही सवय मुलांच्या अंगी बाणली. वरवर पाहता हे पोरखेळ वाटतील. परंतु हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आल्यावर त्याचे फळ साऱ्या देशाने पाहिले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषकाची स्पर्धा या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वेळा जिंकली.

१९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत रहीम यांनी तयार केलेल्या भारतीय संघाने इराणवर १-० असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. पुढच्याच वर्षी मात्र गर्व उतरविणारा प्रसंग आला. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी त्या थंड प्रदेशात अनवाणी खेळत होते! या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा प्रघात आपल्याकडे पक्का झाला. धडा महाग पडला, पण वाया गेला नाही.

येथे मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी स्वयंगोलाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. समोरच्या गड्याने मारलेला चेंडू गोलाकडे येतच होता आणि वाटेत बचावाच्या पायास नुसता घासला, तर तो गोल सामान्यतः मारणाऱ्याच्याच नावे धरतात. एरव्ही आत न जाणारा चेंडू बचावाच्या गड्यामुळे आत गेला, तरच त्याच्या नावावर स्वयंगोल लागतो. फ्री किक मारताना चेंडू थेट आपल्याच गोलात गेला तर मात्र गोल होत नाही, प्रतिपक्षास कॉर्नर मिळतो. हा नियम पुष्कळ मुलांस ठाऊक नसतो. जागतिक चषकातील पहिला स्वयंगोल १९३० साली मेक्सिकोच्या मानुएल रोसास याच्याकडून चिलीविरुद्ध झाला. त्याच गड्याने त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्ध नीट गोलही केला. काही स्वयंगोल तर मुद्दाम केलेले आहेत. २००२ साली मादागास्कर बेटावर एका संघाने पंचांविषयीच्या रागापोटी आपल्याच गोलात चेंडू मारण्याचा सपाटा लाविला आणि सामना १४९-० असा संपला. १९९४ साली कॅरिबियन स्पर्धेत बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते, आणि जादा वेळेतील गोल दुप्पट धरण्याचा विलक्षण नियम होता. तेव्हा २-१ असे पुढे असताना त्यांनी स्वतःवरच गोल करून बरोबरी साधिली, जादा वेळ मिळविला, आणि ४-२ असा सामना जिंकून कार्यभाग उरकला. नियम करणाऱ्यांनी आधी चार वेळा विचार करावा, तो अशासाठी!

पण त्याच १९९४ सालच्या जागतिक चषकात कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार याच्याकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला, आणि दहाच दिवसांनी, २ जुलै रोजी, मेडेलिन या त्याच्या गावी त्यास गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्या गोलाचा राग आणि तो खून यांचा संबंध साऱ्या जगाने जोडला. तो अवघा २७ वर्षांचा होता. हे वाचल्यावर पटांगणावरील हशा तितकासा निरुपद्रवी वाटत नाही.

आता १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिककडे येऊ. त्या वर्षी १ नोव्हेंबर रोजी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता; म्हणजे रहीमसाहेब कागदोपत्री आमच्या राज्याचे राहिले नव्हते. हंगेरीने स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे भारतास एकदम उपउपांत्य फेरी मिळाली. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाचा भारताने ४-२ असा पराभव केला. मुंबईचे गोमंतकीय खेळाडू नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. उपांत्य सामन्यात गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशी.

४ डिसेंबर रोजी हा सामना झाला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. ५२ व्या मिनिटास डिसोझांनी गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढविले त्यांच्याविरुद्ध भारत पुढे! पण हे सुख दोनच मिनिटे टिकले. ५४, ५७ आणि ६५ या मिनिटांस युगोस्लाव्हियाने तीन गोल केले. त्यानंतर ७८ व्या मिनिटास भारताच्या बचावफळीतील अब्दुस सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि ४-१ असा निकाल लागला.

विद्यार्थ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत. स्वयंगोल होण्यापूर्वीच भारत दोन गोलांनी मागे पडला होता. सामना गेला तो त्या अकरा मिनिटांत, आणि त्या अकरा मिनिटांत अकराही गडी मैदानावर होते. पण गोलपत्रकात अकरा जणांच्या चुका लिहिण्यास जागा नसते. तेथे भारताची दोनच नावे येतात, एक डिसोझांचे आणि दुसरे सलाम यांचे. पहिल्याचा गौरव योग्यच आहे. दुसऱ्याच्या नावापुढील ती दोन अक्षरे वाचून कोणी पराभव त्यांच्या माथी मारील, तर त्यास हिशेब येत नाही असेच आम्ही म्हणू. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ३-० असे हरविले. पदक हुकले, तथापि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये चौथा क्रमांक भारतास त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधीही लाभलेला नाही.

१९६० साली रोमला रहीम यांच्या संघाने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, परंतु हंगेरी आणि पेरू यांच्याकडून हार खाऊन तो पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतर १९६२ ची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा आली. रहीम यांस तोवर कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २-० असे हरविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा मुख्य आधारस्तंभ जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. रहीम यांनी अशा वेळी त्यांस घरी न बसविता, डोक्यास पट्टी बांधून पुढे आघाडीस खेळविले! बचावाच्या गड्यास गोल करण्याच्या कामी लावणे हा धाडसाचाच प्रकार होता. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर. राजकीय वादामुळे सुमारे एक लाख प्रेक्षकांचा समुदाय भारताविरुद्ध ओरडत होता. त्या कोलाहलात ४ सप्टेंबर रोजी भारताने २-१ असा विजय मिळविला. एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा आणि दुसरा त्या पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगांचा.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, रहीमसाहेबांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेवढेच.