लीबिग यांची चूक आणि पाण्यातले फॉस्फेट

जर्मन रसायनशास्त्रज्ञ जस्टस फॉन लीबिग यांचा जन्म १८०३ साली डार्मस्टाट येथे झाला. वडील रंग व रसायने विकत. त्यांच्या दुकानातच मुलाला प्रयोगांची गोडी लागली. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्याकडे शिकून १८२४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते गिसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करत शिकायचे, ही त्यांच्या प्रयोगशाळेतली पद्धत पुढे जगभर रुजली.

१८४० साली शेतीच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ गाजला. जे पोषकद्रव्य सर्वांत अपुरे, तेच पिकाची वाढ रोखते, हा कार्ल श्प्रेंगल यांनी आधी मांडलेला नियम लीबिग यांच्यामुळे सर्वांपर्यंत पोहोचला. असे अपुरे पडणारे द्रव्य बरेचदा फॉस्फेट असते.

१८४५ च्या सुमारास त्यांनी स्वतःचे खत बाजारात आणले. पावसाने ते वाहून जाऊ नये म्हणून भट्टीत वितळवून न विरघळणारे केले. परिणामी पिकांना ते मिळालेच नाही आणि खत फसले. पुढे इंग्लंडमधील थॉमस वे यांच्या प्रयोगांतून दिसले, की माती स्वतःच पोषकद्रव्ये धरून ठेवते. लीबिग यांनी नंतर आपली चूक मान्य केली.

जुन्नर-आंबेगावच्या कांदा, टोमॅटो, बटाट्याच्या शेतांतही हेच घडते. खतातले फॉस्फेट मातीतल्या कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियमशी बांधले जाते. मात्र जोराच्या पावसात माती वाहिली, की ते तिच्यासोबत ओढ्यांतून घोड आणि कुकडीकडे जाते. साचलेल्या पाण्यात त्यावर शेवाळ माजू शकते.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत हा धडा छोट्या रूपात दिसतो. तिथे फॉस्फेट येते ते मुख्यतः माशांच्या खाद्यातून. ते वाढले की शेवाळ फोफावते आणि प्रवाळाचा चुनखडी सांगाडा नीट बनत नाही. उपाय म्हणून लोहयुक्त दाणे वापरतात. मातीतले लोह करते तेच काम ते करतात. पण फॉस्फेट एकदम शून्यावर आणले तर प्रवाळ उपाशी पडतात, रंग उडतो, कधी मरतातही. म्हणून आधी मोजावे. लिटरमागे साधारण ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम पातळी बहुतेक टाक्यांना मानवते. खाद्य कमी करावे, गोठवलेले खाद्य धुऊन घालावे, शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ मिसळून थोडे थोडे पाणी बदलावे. दाणे थोडेच घालून पुन्हा मोजावे आणि पातळी काही आठवड्यांत हळूहळू उतरवावी.

१८७३ मध्ये लीबिग म्युनिक येथे निवर्तले. कमतरता वाढ रोखते हे त्यांनी जगाला पटवले. अतिरेकही घातक ठरतो, हे शेवाळलेले पाणी दाखवते.