विश्लेषण : मॅट बस्बी पायउतार झाले, पण मँचेस्टर युनायटेडला वारसदार का सापडेना?

सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयेस यांना मँचेस्टर युनायटेडने दहा महिन्यांतच दूर केले. तेव्हा अनेकांना सर मॅट बस्बी यांची आठवण झाली. या क्लबने असाच पेच १९६९मध्येही अनुभवला होता आणि त्याची किंमत थेट दुसऱ्या श्रेणीत घसरून मोजली होती.

कोण होते बस्बी?

स्कॉटलंडमधील खाणकामगारांच्या वस्तीत १९०९मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूलकडून खेळल्यानंतर १९४५मध्ये ते युनायटेडचे व्यवस्थापक झाले. बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले होते. संघनिवडीत संचालकांची लुडबुड नेहमीची असण्याच्या त्या काळात बस्बींनी संघ, सराव आणि खेळाडूंची खरेदी-विक्री स्वतःच्या हाती घेतली. ६ फेब्रुवारी १९५८च्या म्युनिक विमान अपघातात २३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. गंभीर जखमी झालेले बस्बी वाचले. त्यांनी संघ नव्याने उभा केला आणि १९६८मध्ये बेन्फिकाला ४-१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला.

वारसदार कसा ठरला?

बस्बींनी जानेवारी १९६९मध्ये पद सोडण्याची घोषणा केली. पसंती मिळाली ती क्लबच्याच राखीव संघाला शिकवणाऱ्या ३१ वर्षांच्या विल्फ मॅगिनेस यांना. मात्र त्यांना सुरुवातीला व्यवस्थापक नव्हे, तर मुख्य प्रशिक्षक म्हटले गेले. बस्बी महाव्यवस्थापक म्हणून क्लबमध्येच राहिले. मॅगिनेस यांना कालच्या सहकाऱ्यांना आदेश द्यायचे होते. संघातील बॉबी चार्लटन तर त्यांच्यापेक्षा दोन आठवड्यांनी मोठे होते. खेळाडूंना तक्रार करायची झाल्यास जुने साहेब शेजारीच होते.

पुढे काय बिघडले?

मॅगिनेस यांच्या काळात संघ तीनदा चषक स्पर्धांच्या उपांत्य फेरीत हरला. यातील शेवटचा पराभव तिसऱ्या श्रेणीतील अ‍ॅस्टन व्हिलाकडून झाला. डिसेंबर १९७०मध्ये त्यांना हटवून बस्बींनाच हंगामापुरते परत बोलावले गेले. त्यानंतर लेस्टरहून आलेले फ्रँक ओ’फॅरेल दीड वर्ष टिकले. तोवर बस्बी संचालक मंडळात होते. टॉमी डॉकर्टी यांच्या कारकीर्दीत १९७४मध्ये, युरोप जिंकल्यावर सहाच वर्षांनी, संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. दोष एकट्या बस्बींचा नव्हता. संघ वयस्क झाला होता आणि जॉर्ज बेस्ट यांची बेशिस्त वाढत होती. पण २४ वर्षे सगळे निर्णय एकाच माणसाभोवती फिरले होते. ते पद दुसऱ्याला देताना अधिकार मात्र पूर्णपणे दिले गेले नाहीत.

लिव्हरपूलने वेगळे काय केले?

बिल शँक्ली यांनी १९७४मध्ये पद सोडले, तेव्हा लिव्हरपूलने त्यांचे ५५ वर्षीय सहायक बॉब पेस्ली यांना बढती दिली. शँक्लींना क्लबमध्ये कोणतेही पद मिळाले नाही. ते सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि तिथे आपली अडचण होते, हे जाणवल्यावर दुखावले. पेस्लींनी नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक जिंकले. लिव्हरपूलमध्ये व्यवस्था टिकली, पण तिची झळ जाणाऱ्याला बसली. मँचेस्टरमध्ये जाणाऱ्याचा मान राहिला, त्याची झळ येणाऱ्यांना बसली.

बस्बींचा शेवट कसा झाला?

ते १९८०मध्ये क्लबचे अध्यक्ष झाले. फर्ग्युसन यांच्या संघाने १९९३मध्ये लीग जिंकली. बस्बींच्याच संघाने १९६७मध्ये मिळवलेल्या विजेतेपदानंतरची ही पहिलीच लीग होती. तो विजयोत्सव त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर बसून पाहिला. २० जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.