शिऊरच्या संत बहिणाबाई

बहिणाबाई म्हटले की आज पुष्कळांच्या ओठी खानदेशच्या चौधरींच्या ओव्या येतात. त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी, इ. स. १६२८ मध्ये, वेरूळजवळच्या देवगावी एका कुलकर्ण्यांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाईंचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. ते त्यांनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवले. मराठी स्त्रीचे हे पहिले आत्मचरित्र मानले जाते.

अजाण वयात शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी, तिशीतल्या बिजवराशी, त्यांचा विवाह झाला. पुढे भाऊबंदकीच्या तंट्यापायी हे कुटुंब आईवडिलांसह रातोरात गाव सोडून निघाले आणि पंढरपूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास आले. तेथे दान मिळालेल्या गाईच्या वासराला या अकरा वर्षांच्या मुलीचा असा लळा लागला की ते कीर्तनालाही तिच्यामागून जाई. जयरामस्वामींनी कौतुकाने तिच्या मस्तकी हात ठेवला. ती वार्ता कानी पडताच कर्मठ पतीने तिला बेदम मारून बांधून घातले. गाईवासराने चारापाणी सोडले, वासरू गेले. बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या. ज्यांना कधी पाहिलेही नव्हते त्या तुकोबांनी याच अवस्थेत स्वप्नात येऊन उपदेश केला, असे त्या सांगतात. त्यांची कविता येथून सुरू होते.

पत्नीचा त्याग करावयास निघालेले गंगाधरपंत दीर्घ ज्वराने खिळले, पस्तावले आणि अखेर तिला घेऊन देहूस गेले. तेथे मंबाजीचा छळ वाट्यास आला.

या अभंगांत मार लपविलेला नाही, मारणाऱ्याचा द्वेषही नाही. पतिव्रताधर्म सांगणाऱ्या याच बाई स्त्रीदेहामुळे वेद दुरावल्याचे दुःख तितक्याच स्पष्टपणे बोलतात. या दोहोंचा त्यांनी मेळ घातला, असे म्हणण्याची रीत आहे. मला तो मेळ दिसत नाही, आणि म्हणूनच ती वाणी अधिक खरी वाटते. (जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये हे आत्मचरित्र इंग्रजीत आणले. ज्या मुलांना मराठी वाचणे जड जाते, त्यांच्या हाती ते अवश्य द्यावे.)

इ. स. १७०० मध्ये अंतकाळ ओळखून त्यांनी परगावी गेलेल्या विठोबास, आपल्या पुत्रास, बोलावून घेतले आणि मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा जन्म तेरावा आणि अखेरचा. गृहिणीने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात, तितक्या शांतपणे हा हिशेब दिलेला आहे. त्यांची समाधी शिऊरास आहे.