कमलाबाईंचा बटाटा

जरीपटक्याच्या सिंधी घरांत आलू टुक तळला की वास गल्लीभर पोचतो. याच बटाट्यावर काम करताना एका मराठी बाईंना जे दिसले, त्याचे नाव आज कर्करोगाच्या प्रयोगशाळांत रोज निघते. त्या म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. नकार येईल असे घरी कुणाला वाटलेच नव्हते. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला, तेव्हा प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. (मन पुरुषांचे, जबाबदारी मात्र हिची!) त्यांचे काम पाहिल्यावर संस्थेने इतर मुलींनाही दार उघडले.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवले, की सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचे काम करते. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली.

हे प्रथिन राहते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात. आपल्या कोराडीत कोळसा जळतो, तिथे अन्न. त्यात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात आणि सायटोक्रोम सी हा त्यातला एक हमाल. कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाच्या आधाराने तो आतल्या पडद्याला धरून असतो. १९९६ मध्ये कळले, की हाच हमाल वीजघराबाहेर पडला तर पेशीला स्वतःला संपवण्याचा हुकूम मिळतो.

कर्करोगाची पेशी हा हुकूम टाळत जगते. निरोगी पेशी बहुतेक चरबी आहारातून घेतात. अनेक गाठींतल्या पेशी मात्र ती स्वतःच, मुख्यतः साखरेपासून, तयार करतात. वाढत्या पेशींना नवे पडदे लागतात ना! त्या कामाचे विकर म्हणजे फॅटी अ‍ॅसिड सिंथेज. वजन कमी करण्याच्या ऑर्लिस्टॅट या औषधाने मेलानोमाच्या पेशींतले हे विकर रोखले, तेव्हा मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर आले आणि पेशी मरू लागल्या. हे घडले काचेच्या बशीत. तोंडाने घेतलेले ऑर्लिस्टॅट रक्तात फारसे उतरतच नाही, त्यामुळे त्या गोळ्या घेऊन कर्करोग बरा होत नाही. जेवणातले तेल बंद करूनही गाठीची उपासमार होत नाही, कारण ती चरबी स्वतः बनवते. या विकराला रोखणारी वेगळी औषधे रुग्णांवर तपासली जात आहेत.

कमलाबाई मात्र केंब्रिजहून परतल्यावर या वाटेने गेल्या नाहीत. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कडधान्यांतली प्रथिने आणि नीरा यांवर काम केले. गरिबाच्या ताटात काय पडते, हा त्यांचा प्रश्न होता. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.