सागरजलाची पारख

जपानची राजधानी टोकियो येथे २२ मार्च १९२० रोजी कात्सुको सारुहाशी यांचा जन्म झाला. शाळेच्या खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब पाहून, हा पाऊस कशामुळे पडतो, असा प्रश्न त्यांच्या बालमनाला पडे. त्या काळी जपानात विज्ञान शिकणाऱ्या मुली विरळाच होत्या. शाळा संपल्यावर कात्सुको यांनी एका विमा कंपनीत नोकरी धरली. परंतु ज्ञानाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाच्या एकविसाव्या वर्षी नोकरी सोडून त्या स्त्रियांच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाल्या व १९४३ मध्ये पदवीधर झाल्या.

पुढे हवामान संशोधन संस्थेत यासुओ मियाके या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सागरजलातील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा अभ्यास हाती घेतला. साखर पाण्यात विरघळली तरी साखरच राहते. हा वायू मात्र पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल, बायकार्बोनेट व कार्बोनेट अशी निरनिराळी रूपे धारण करतो. थंड पाणी तो अधिक शोषून घेते. पाणी तापले की तो हवेत परतू लागतो. ध्रुवप्रदेशाजवळचे थंड व जड पाणी खोल बुडते, तेव्हा त्याच्यासवे हा वायूही सागरतळाकडे जातो आणि शेकडो वर्षांनी पुन्हा वर येतो. अशा या बहुरूपी वायूचा हिशेब ठेवणे अतिशय कठीण होते. सारुहाशी यांनी पाण्याचे तापमान, आम्लता व खारेपणा यांवरून त्याच्या प्रत्येक रूपाचे प्रमाण सांगणारे कोष्टक १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. संगणकांचा प्रसार होईपर्यंत, सुमारे तीस वर्षे, जगभरचे शास्त्रज्ञ ते वापरीत होते. १९५७ मध्ये टोकियो विद्यापीठाची रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

याच सुमारास त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी आली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बचा स्फोट घडविला. त्याची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवरील २३ जणांच्या अंगावर पडली. समुद्रात पडलेली राख अफाट पाण्यात पातळ होऊन जाईल, असे अनेकांना वाटत होते. सारुहाशी व मियाके यांनी पाणी तपासले, तेव्हा सागरी प्रवाहांबरोबर ते विष जपानच्या किनाऱ्याकडे आल्याचे दिसून आले. अमेरिकन शास्त्रज्ञांचा या मोजमापावर विश्वास बसेना. तेव्हा १९६२ मध्ये सारुहाशी एकट्या कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत गेल्या. तेथे दोन्ही देशांच्या पद्धती समोरासमोर पडताळून पाहण्यात आल्या आणि त्यांचे मोजमाप अचूक असल्याचे सर्वांना मान्य करावे लागले.

१९८० मध्ये जपानच्या विज्ञान परिषदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. स्त्री-शास्त्रज्ञांची वाट सुकर व्हावी म्हणून त्यांच्या नावाचे पारितोषिक १९८१ पासून दिले जाऊ लागले. २९ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा महासागर आपल्या उदरात घेतो. त्यामुळे सागरजलाची आम्लता वाढत आहे आणि पोवळी व शिंपले यांना आपली कवचे घडविणे अवघड होत आहे. हे संकट आज ओळखता येते, ते सागराचे पाणी चिकाटीने व सचोटीने मोजणाऱ्या अशा संशोधकांमुळेच.